हवाली करणारे हात

‘ट्रेटर’ म्हणजे फितूर. ‘ट्रॅडिशन’ म्हणजे परंपरा. दोन्ही शब्द ‘त्रादेरे’ या एकाच लॅटिन धातूचे. अर्थ साधा: हवाली करणं. शत्रूच्या हवाली केलं तर फितुरी, पुढच्या पिढीच्या हाती दिलं तर परंपरा. या दोन अर्थांची गाठ उत्तर आफ्रिकेत पडली आणि तिने शंभरावर वर्षं चर्च दुभंगलेलं ठेवलं.

३०३ साली रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळायचं फर्मान काढलं. १९ मे रोजी सिर्टा (आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टँटिन) इथे सरकारी माणसं प्रार्थनाघरात शिरली. त्या झडतीची यादी अजून टिकून आहे: सोन्याचे २ प्याले, चांदीचे ६, बायकांचे ८२ अंगरखे, बायकांच्या पादत्राणांचे ४७ जोड. सिल्वानुस नावाच्या चर्चसेवकाने चांदीचा दिवा काढून दिला. धर्मग्रंथ किंवा असं काही हवाली करणाऱ्यांना लोक ‘त्रादितोर’ म्हणू लागले.

छळ थांबल्यावर कार्थेजला सीसिलियन बिशप झाला. दीक्षा देताना त्याच्या डोक्यावर हात ठेवणारा बिशप फेलिक्स त्रादितोर आहे, म्हणून ही दीक्षाच खोटी, असं म्हणत विरोधकांनी दुसरा बिशप नेमला. पुढे डोनाटसच्या नावाने ओळखला गेलेला हा पंथ आपल्यात येणाऱ्यांना पुन्हा बाप्तिस्मा देई. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला. उलट विरोधकांच्या पुढाऱ्यांतला एक होता सिर्टाचा बिशप सिल्वानुस. दिवा देणारा तोच! ३२० साली ते उघडकीला आलं.

हातांची शुद्धता तपासायला निघालं तर कुठलाच हात खात्रीचा उरत नाही. त्याआधीच, ३१४ साली, आर्लच्या धर्मसभेने ठरवलं होतं, की दीक्षा देणारा त्रादितोर असला तरी दीक्षा खरी. पुढे बिशप ऑगस्टीनने बाप्तिस्म्याबाबत सैनिकाचा दाखला दिला: पळून गेलेला शिपाई परतला, तर त्याच्या अंगावरची खूण पुन्हा गोंदत नाहीत. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा, देणाऱ्याचा नव्हे.

मला हा निवाडा फार मोलाचा वाटतो, कारण त्यात साध्या भाविकाची काळजी आहे. देणाऱ्याच्या पापाचा भुर्दंड घेणाऱ्याने का सोसावा? आजही कॅथलिक नियमानुसार मरणाच्या दारातल्या बाळाला, चर्चचा हेतू मनात धरून, कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. बाप्तिस्मा न झालेली परधर्मी नर्ससुद्धा. ओंजळभर पाणी, ठरलेले शब्द; आणि तो बाप्तिस्मा खरा.