एक राजा आणि तो राजा

फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहून मी वर्गाला विचारतो, "यात विशेषणे कोणती आणि उपपदे कोणती?" विशेषणे मुले चटकन हेरतात. ‘ब्लॅक डॉग’ म्हटले की कुत्रा कसला? काळा! मग ‘ब्लॅक’ हे विशेषण. पण ‘ए’, ‘अ‍ॅन’ आणि ‘दि’ कोठे घालायचे, कोठे नाही, हे विचारले की हुशार मुलेही खाली माना घालतात. एकाने एकदा धीर करून विचारले, "मास्तर, आपल्या मराठीचे यांच्यावाचून काही अडत नाही, मग इंग्रजीलाच ती का लागतात?" प्रश्न वाजवी होता. मी मात्र नियम सांगून त्याला खाली बसवले. उत्तर द्यायचे राहून गेले, ते आज देतो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आजच्यासारखी ठराविक उपपदे नव्हती. मराठीप्रमाणे तीन लिंगे होती, विभक्तीचे प्रत्यय होते. आपण काळा कुत्रा, काळी गाय, काळे मांजर म्हणतो, तसे तेथेही विशेषण नामाप्रमाणे रूप पालटीत असे. ‘तो, ती, ते’ यांना ‘से, सेओ, थॅट’ म्हणत आणि ‘एक’ याला ‘आन’.

पुढे समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांशी रोजचा व्यवहार सुरू झाला. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच भाषा जाऊन बसली. इंग्रजी उरली ती शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या तोंडी. शब्दांचे प्रत्यय आधीच झिजत होते, ते आता झपाट्याने गळाले. लिंगे गेली, विशेषणांची रूपे गेली. आज ‘ब्लॅक’ हा शब्द कुत्र्याला, गाईला, मांजराला सारखाच. ‘तो, ती, ते’ यांच्या साऱ्या पसाऱ्याऐवजी एकटे ‘दि’ उरले. ‘आन’पासून एकीकडे ‘वन’ झाले, दुसरीकडे ‘अ‍ॅन’ आणि ‘ए’. म्हणजे ‘ए’ हा झिजलेला ‘एक’ आणि ‘दि’ हा झिजलेला ‘तो’!

हे झिजके शब्द पुढच्या नामाला इतके चिकटले, की कोठे तोडावे हे खुद्द इंग्रजांनाच उमजेना. ‘ए नेप्रन’चे ‘अ‍ॅन एप्रन’ झाले. क्रिकेटचा अंपायर मुळात ‘नूंपेर’, म्हणजे जोडीबाहेरचा तिसरा माणूस; त्याचाही ‘न’ उपपदाने पळवला. उलट ‘अ‍ॅन ईकनेम’, म्हणजे जादा नाव, त्याचे ‘ए निकनेम’ झाले. साऱ्या देशाने मिळून केलेली चूक शेवटी कोशात जाऊन बसली. मुलांच्या वह्यांवर लाल शाई ओतताना हे आठवते आणि हात जरा आखडतो.

पण एवढ्याशा शब्दाला किंमत नाही, असे मात्र कोणी समजू नये. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ठराव क्रमांक २४२ संमत केला. त्या वर्षीच्या लढाईत व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने माघार घ्यावी, असे त्यात आहे. परंतु इंग्रजी मजकुरात ‘प्रदेश’ या शब्दामागे ‘दि’ नाही. इस्रायल म्हणाले, याचा अर्थ सर्व प्रदेश असा होत नाही. अरब राष्ट्रांनी फ्रेंच मजकुरातल्या उपपदाकडे बोट दाखवले आणि म्हटले, सर्वच प्रदेश. तो वाद अजून मिटलेला नाही.

तर त्या मुलाला माझे उत्तर असे : बाळ, ही उपपदे तुला परकी नाहीत. आजी गोष्ट सांगू लागते तेव्हा प्रथम म्हणते, "एक राजा होता." तेव्हा राजा अनोळखी असतो. मग म्हणते, "त्या राजाला दोन राण्या होत्या." आता तो ओळखीचा झाला! आपण हे गरजेपुरते बोलतो, इंग्रजाने त्याचा नेम केला, एवढाच फरक. आता वर्गात मी राजाची गोष्ट आधी सांगतो, नियम मागाहून.