तेरची सहल

माझे माहेर तेरजवळचेच. पण तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव, एवढेच मला ठाऊक होते. मंडळाच्या भगिनींसह तेथे गेले. समाधीचे दर्शन घेतले, त्रिविक्रमाचे जुने विटांचे मंदिर पाहिले, तेरणेकाठी शिदोऱ्या सोडल्या. धपाटे, दही, शेंगांची चटणी, पोटभर जेवलो.

मग रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहिले. तेर हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. येथले साधे कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई. तगरच्या मातीतले मणी, मूर्ती, खापरे लामतुरे यांनी जमवून जपली. नांगरटीत निघालेले असेच मणी आम्ही मुली खेळून फेकीत असू! भगिनींनो, आपल्या मुलांना तसे करू देऊ नका.