अणुकचऱ्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन

भूमिगत टाक्यांत साठवलेल्या अतिकिरणोत्सारी कचऱ्याची व त्यापासून बनवलेल्या काचेची इलेक्ट्रॉन शलाकेने केलेली तपासणी.

पनवेलच्या पश्चिमेस, ठाणे खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील पुनर्प्रक्रिया संयंत्र १९६४ मध्ये सुरू झाले. वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून युरेनियम व प्लुटोनियम काढून घेतल्यावर सिझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० इत्यादी द्रावणात उरतात. भारतात हे द्रावण आम्लधर्मीच ठेवून स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत साठवतात. अमेरिकेत हॅनफर्ड येथे साध्या पोलादाच्या टाक्या गंजू नयेत म्हणून कचऱ्यात कॉस्टिक सोडा मिसळला गेला. परिणामी तेथील १७७ टाक्यांत गाळ साचला. त्यामुळे हॅनफर्डच्या अभ्यासात त्या गाळातील गिब्साइट, बोहमाइट यांसारख्या ॲल्युमिनियम खनिजांच्या कणांना महत्त्व आहे, तर ट्रॉम्बेच्या अभ्यासात द्रावणापासून बनवलेल्या काचेला.

पद्धत : काचेचा लहान तुकडा रेझिनमध्ये बसवून घासून गुळगुळीत करतात व त्यावर कार्बनचा पातळ लेप देतात. मग त्यावर इलेक्ट्रॉन शलाका सोडतात. जड मूलद्रव्ये इलेक्ट्रॉन अधिक प्रमाणात मागे फेकतात, म्हणून काचेत न विरघळलेले रुथेनियम ऑक्साइड किंवा पॅलेडियमचे कण प्रतिमेत उजळ दिसतात. बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांवरून त्या जागेचे रासायनिक घटक कळतात. नमुन्याचे गॅमा किरण शोधकयंत्रात गोंधळ माजवतात. त्यामुळे खरा कचरा अगदी अल्प प्रमाणात घेतात आणि बरेचसे काम किरणोत्सारी नसलेल्या, तशाच रासायनिक घडणीच्या मिश्रणांवर होते.

ट्रॉम्बेचा सल्फेट प्रश्न : तेथील पुनर्प्रक्रियेत पूर्वी फेरस सल्फामेट वापरल्याने कचऱ्यात सल्फेट आले. नेहमीच्या सोडियम बोरोसिलिकेट काचेत ते फारच थोडे सामावते. उरलेले वेगळे होऊन पाण्यात विरघळणारा थर बनतो आणि सिझियम त्यात जाते. यावर उपाय म्हणून केंद्रातील संशोधकांनी बेरियम बोरोसिलिकेट काच विकसित केली. ती एकजिनसी आहे की तिच्यात सल्फेटचे थेंब वेगळे झाले आहेत, हे सूक्ष्मदर्शकीय प्रतिमा व क्ष-किरण विश्लेषणावरून ठरवता येते.

मर्यादा : तपासलेला तुकडा संपूर्ण ओतीव काचेचा प्रतिनिधी असेलच असे नाही. काच पाण्यात किती झिजते, हे प्रतिमेवरून कळत नाही. त्यासाठी निक्षालन चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते.