पूरक पात्रवर्ग

पूरक पात्रवर्ग : अद्भुतरम्य रोल-प्लेइंग खेळात काही खेळाडू मिळून एक टोळी करतात आणि प्रत्येक जण आपल्या पात्रासाठी एक ‘क्लास’, म्हणजे पेशा, निवडतो. टोळीतल्या इतरांना जे जमत नाही ते ज्याला जमते, किंवा ज्याच्या असण्याने इतरांचे काम सोपे होते, तो त्या टोळीचा पूरक वर्ग. तो कसा निवडावा याचे ठरून गेलेले उत्तर असे : पुढे उभा राहून मार खाणारा एक, जखमा भरून काढणारा एक, कुलपे आणि सापळे बघणारा एक आणि जादूगार एक; यांतली जी जागा रिकामी असेल ती शेवटी येणाऱ्याने भरावी. उत्तर सोयीचे आहे, पण अर्धेच खरे आहे. जागा खरोखर रिकामी आहे की नाही हे पेशांच्या नावांवरून कळत नाही, त्या त्या खेळाच्या नियमांवरून कळते. एखादे काम नियमांनी एकाच पेशाला वतन म्हणून लावून दिले असेल तर तो पेशा टोळीत लागतोच. वतन मोडले असेल तर जागा भरण्याच्या आग्रहाला अर्थ उरत नाही. मग पाहायचे ते एवढेच, की कोणाचे काम कोणाच्या कामाला जोड देते.

या वतनांचा इतिहास ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात सरळ दिसतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात तीनच वर्ग होते : फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. यांतला क्लेरिक चार जागांच्या कोणत्याही चौकटीच्या हिशेबातून आलेला नाही. अर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात एक रक्तपिपासू पिशाच्च डोईजड झाले आणि त्याच्यावर उतारा म्हणून हा पिशाच्चांना पळवणारा धर्मयोद्धा घडवला गेला. आज ज्याला टोळीचा वैद्य समजतात त्या क्लेरिकला १९७४ च्या नियमांत पहिल्या पातळीवर, म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीला, एकही मंत्र मिळत नसे! पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने थीफ आणला. त्याआधी भुयारात शिरलेले सगळेच जण काठीने जमीन ठोकत, भिंती चाचपत आणि खेळ चालवणाऱ्याला प्रश्न विचारून सापळे हुडकत. थीफ आल्यावर ते काम त्याचे झाले आणि बाकीच्यांनी हात झटकले. गंमत अशी की १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये पहिल्या पातळीच्या थीफला सापळा सापडण्याची मूळ शक्यता २० टक्के होती. म्हणजे वतन त्याच्याकडे, पण पाचांतल्या चार वेळा रिकाम्या हाताने परत. म्हणून पेशा पूरक आहे का हे ठरवताना तो विसाव्या पातळीवर काय करील हे पाहून चालत नाही; खेळ ज्या पातळीवर सुरू होणार आणि जिथपर्यंत जाण्याचा संभव आहे तिथे त्याच्या हाती काय असेल ते पाहावे लागते.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत वर्ग अकरा झाले आणि थीफचे नाव ‘रोग’ झाले. देवनागरीत ते नाव आजारासारखे दिसते, म्हणून या नोंदीत थीफ हेच नाव पुढे चालवले आहे. या आवृत्तीत सापळ्यांचे वतन उलट पक्के झाले : ज्या सापळ्याची काठिण्यपातळी २० च्या वर, तो झडती घेऊन शोधण्याचा अधिकार थीफलाच. फायटर कितीही चाणाक्ष असो, त्याला तो दिसायचा नाही. जखमांचे वतन मात्र याच आवृत्तीत पातळ झाले. किरकोळ जखमा भरणारी, ५० वेळा वापरता येणारी जादूची छडी ७५० सुवर्णनाण्यांना मिळे आणि क्लेरिकप्रमाणे ड्रुइड, बार्ड, पॅलॅडिन आणि रेंजर यांनाही ती चालवता येई. त्यामुळे एकाच पुस्तकातून खेळणाऱ्या टोळीला थीफवाचून अडत होते, क्लेरिकवाचून तितके अडत नव्हते. ‘चार खांब हवेतच’ म्हणणाऱ्याला दोन्ही खांब सारखेच दिसतात. नियम वाचणाऱ्याला एक भिंतीचा दिसतो आणि दुसरा नुसता टेकू. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने प्रत्येक वर्गावर त्याची भूमिकाच छापली : डिफेंडर, लीडर, स्ट्रायकर, कंट्रोलर. चौकटीचा हा सर्वांत उघड स्वीकार. पण त्याच आवृत्तीने लढाईत दम खाऊन स्वतःला सावरण्याची सोय प्रत्येक पात्राला दिली आणि जखमा भरण्याचे काम क्लेरिकबरोबर वॉरलॉर्ड या बिनजादूच्या सेनानीलाही दिले. पाटी ठळक झाली आणि तिच्यामागची सक्ती सैल झाली.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मूळ पुस्तकात वर्ग बारा आहेत. मराठी वाचकाला लगेच बारा बलुतेदार आठवतील, पण साम्य आकड्यापुरतेच आहे. गावगाड्यात लोहाराचे काम सुताराने करायचे नसे. इथे जखम भरण्याचा साधा मंत्र पाच वर्गांना शिकता येतो, तासाभराच्या विश्रांतीत प्रत्येक पात्र स्वतःचे फासे टाकून सावरते, आणि पूर्वायुष्य म्हणून ‘गुन्हेगार’ घेतले की विझर्ड या जादूगारालाही कुलपे उघडण्याच्या हत्यारांत प्रावीण्य मिळते. वतने मोडल्यावर पूरकपणा नाहीसा झाला असे मात्र नाही; तो जागांमधून उठून जोडण्यांमध्ये गेला. थीफचा चोरटा वार सहसा तेव्हाच लागू होतो जेव्हा त्याचा साथीदार शत्रूपासून पाच फुटांच्या आत उभा असतो. त्यामुळे फायटर पुढे उभा राहतो तेव्हा थीफच्या सुरीचे मोलही वाढवत असतो, आणि दोन धनुर्धारी व एक जादूगार असलेल्या टोळीत गेलेला थीफ आपले अर्धे बळ घरी ठेवून येतो. विझर्डने माणसाला जागच्या जागी थिजवणारा मंत्र टाकला की जवळून लागलेला प्रत्येक वार निर्णायक ठरतो आणि पॅलॅडिनच्या दैवी प्रहाराचे फासे दुप्पट होतात. एका जादूगाराला एका वेळी एकाच मंत्रावर चित्त एकाग्र ठेवता येते, तेव्हा टोळीतला दुसरा जादूगार म्हणजे पुनरुक्ती नव्हे. दोघांचे दोन मंत्र एकाच वेळी चालू राहतात. याची उलट बाजूही आहे. वॉरलॉकला काळोख पसरवून त्यात स्वतः स्पष्ट पाहण्याची युक्ती साधते, पण त्याच काळोखात साथीदार चाचपडतात. एकट्यासाठी उत्तम, टोळीसाठी उपद्रव. विश्रांतीच्या तालाकडे तर फार थोड्यांचे लक्ष जाते. वॉरलॉक, मंक आणि फायटर यांची बरीचशी शक्ती तासाभराच्या विश्रांतीने परत येते. विझर्ड आणि क्लेरिक यांना मुख्यतः आठ तासांची विश्रांती लागते. चौघांपैकी तिघे या मोठ्या विश्रांतीवर अवलंबून असतील तर उरलेल्या वॉरलॉकला थांबायला कोणी देत नाही आणि कागदावर पूरक असलेले पात्र प्रत्यक्षात उपाशी राहते.

यावर पहिला आक्षेप येतो तो संगणकीय खेळांच्या बाजूने. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (२००४) पाच जणांच्या टोळीत एक टँक (पुढे राहून मार खाणारा), एक हीलर (जखमा भरणारा) आणि तीन मारा करणारे ही रचना वर्षानुवर्षे टिकली, मग चौकट खोटी कशी? ती खोटी नाही, तिथल्या नियमांची आहे. त्या खेळात राक्षस कोणावर धावून जाईल हे एका हिशेबाने ठरते आणि टँकला तो हिशेब आपल्याकडे ओढता येतो. टेबलावरच्या खेळात राक्षस डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा माणूस, चालवतो. त्याला चिलखतवाल्याला वळसा घालून विझर्डच्या अंगावर जाता येते, आणि फायटरला फार तर जाता जाता एक वार मिळतो. टँक हा शब्द उचलून टेबलावर आणला तरी त्यामागचे यंत्र बरोबर येत नाही. उलट दिशेचा पुरावा ‘गिल्ड वॉर्स २’चा. २०१२ मध्ये हा खेळ ठरीव हीलरला फाटा देऊन आला : प्रत्येक वर्गाकडे स्वतःला बरे करण्याचे कौशल्य, आणि पडलेल्याला कोणीही उठवावे. पुढे २०१५ च्या ‘हार्ट ऑफ थॉर्न्स’ विस्ताराबरोबर मोठ्या टोळीच्या अवघड मोहिमा आल्या, आणि जखमा भरण्यात वाकबगार असा ड्रुइडही त्याच विस्तारात आला. काम पुरेसे जड झाले की विशेषज्ञ परत येतो. चौकट उपजत असती तर ती तीन वर्षे गैरहजर राहिली नसती.

दुसरा आक्षेप अधिक मनाचा : खेळ करमणुकीसाठी आहे, ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावे, उरलेले डंजन मास्टर जुळवून घेईल. यात तथ्य आहे. थीफ नसेल तर सापळे कमी ठेवणारा, वैद्य नसेल तर औषधाच्या कुप्या जास्त पेरणारा डंजन मास्टर दुर्मीळ नाही. पण छापील साहसकथा जशीच्या तशी चालवली जात असेल, किंवा समोर संगणक असेल, तर जुळवून घेणारे कोणी नसते. आणि प्रत्येक उणीव भरून मिळाली की निवडीला वजनही उरत नाही. शिवाय नावडती भूमिका गळ्यात मारण्याची किंमत मोजावी लागते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०११ मध्ये ज्या भूमिकेचा तुटवडा असेल ती घेणाऱ्याला जादा बक्षिसाची थैली देऊ केली. लोक आनंदाने करत असते तर तिची गरज पडली नसती. टेबलावर अशी थैली कोणी देत नाही. म्हणून शेवटी येणाऱ्याने उरलेले उचलावे ही रीत टाकून सगळ्यांनी पहिल्या बैठकीत एकत्र बसून पात्रे घडवावीत, हे बरे. तिथे ‘वैद्य कोण होणार?’ असे विचारण्यापेक्षा ‘आपल्यातला एक पडला तर त्याला उठवणार कोण आणि कशाने?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला एकच पेशा उत्तर देतो. दुसऱ्याला बार्डचा मंत्र, पॅलॅडिनचा स्पर्श किंवा थैलीतली कुपीही उत्तर देऊ शकते, आणि ज्याला बार्डच व्हायचे होते त्याला आपली हौस सोडावी लागत नाही.

निवड किती जपून करावी हे ती मागे घेता येते की नाही यावरही अवलंबून असते. १९८७ च्या ‘फायनल फँटसी’मध्ये सहा पेशांतून चार योद्धे सुरुवातीलाच ठरवावे लागत आणि ती टोळी शेवटपर्यंत बदलता येत नसे, तिथे चौकटीला धरून चालणे शहाणपणाचे होते. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये टोळी चौघांचीच आहे, वर्ग तेच बारा आहेत, पण तळावर विदर्स नावाचा एक हाडांचा सापळा उभा असतो आणि १०० सुवर्णनाणी घेऊन तो कोणाचाही वर्ग बदलून देतो.