हाताला राहिलेली आठवण

श्रोतेहो, लहानपणी पोहायला शिकलेला माणूस वीस वर्षांनी विहिरीत उतरला तरी हातपाय आपोआप मारू लागतो. पण शाळेत घोकलेल्या सनावळ्या? त्या परीक्षा झाली की गेल्याच! असं का व्हावं? या कोड्याचा एक धागा शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो एका दुर्दैवी तरुणामुळे.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला हा हेन्री मोलेसन. फेफऱ्याने त्याला अगदी जेरीस आणले होते. औषधांनी गुण येईना. १९५३ साली, तो सत्तावीस वर्षांचा असताना, हार्टफर्डचे शस्त्रवैद्य विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग गेला. समुद्रघोड्यासारख्या आकारावरून पडलेले हे ग्रीक नाव. या अवयवाचे काम काय, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तरी सुरी चालली, हे मला आजही खटकते. पुढे खुद्द स्कोव्हिल यांनीच दोन्ही बाजूंनी असे करू नका म्हणून इतरांना बजावले.

फेफरे पुष्कळ कमी झाले. बुद्धी शाबूत, बोलणे नीट, बालपणही आठवे. पण नवे काही मनात ठरेना. आत्ताच भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला, की तो अनोळखी!

मॉन्ट्रियलच्या विदुषी ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला येत. दर भेटीला ओळख नव्याने करून द्यायची. त्यांनी व स्कोव्हिल यांनी १९५७ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. पण मिल्नरबाईंची खरी कमाल पुढेच आहे. दुहेरी रेघांची एक चांदणी; त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, आणि तीही केवळ आरशात पाहून. शिक्षकबंधूंनो, वर्गात करून पाहा, हात हटकून उलटा वळतो. हेन्रीचाही वळला. दुसऱ्या दिवशी चुका घटल्या, तिसऱ्या दिवशी फारच थोड्या उरल्या. आणि हे काम आपण पूर्वी कधी केले आहे, याची त्याला दाददेखील नव्हती बरं का!

हात शिकला होता, धन्याला पत्ता नव्हता. म्हणजे प्रसंगांची आठवण आणि हाताची सवय यांच्या वाटा मेंदूत निराळ्या. सवयीच्या कामी मेंदूच्या खोल गाठी आणि मागचा लहान मेंदू राबतात, हे पुढे उलगडत गेले.

पन्नासहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ त्याला केवळ ‘एच. एम.’ म्हणत. २००८ साली, ब्याऐंशीव्या वर्षी तो वारला, तेव्हा कुठे जगाला त्याचे नाव कळले. दुसऱ्या वर्षी सॅन दिएगो येथे त्याच्या मेंदूचे २४०१ काप करून जपून ठेवण्यात आले. एकेक काप जेमतेम केसाच्या जाडीचा.