बॅरिस्टर मजहरुल हक : वकिली, घर आणि ईमान



आपला मुलगा वकील व्हावा, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. त्यात गैर काहीच नाही. परंतु वकील झाल्यावर त्या विद्येचे काय करावयाचे, हा प्रश्न घरात क्वचितच विचारला जातो. बिहारच्या एका बॅरिस्टराने या प्रश्नाला आपल्या आयुष्यानेच उत्तर दिले. त्यांचे नाव मजहरुल हक.

त्यांचा जन्म 1866 साली पाटणा जिल्ह्यात झाला. मॅट्रिक झाल्यावर ते विलायतेस गेले आणि 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. लंडनमध्ये शिकत असताना त्यांची गांधीजींशी ओळख झाली होती. परतल्यावर काही काळ त्यांनी मुन्सफाची सरकारी नोकरी केली. पण ती सोडून ते छपरा या जिल्ह्याच्या गावी वकिली करू लागले. 1897 च्या दुष्काळात त्यांनी मदतकार्यात स्वतःला झोकून दिले. पुढे तेथील नगरपालिकेतही त्यांनी काम केले. कचेरीतील कामाइतकीच गावाचीही जबाबदारी आपली आहे, हे त्यांनी तेथेच ओळखले.

1910 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. आपल्या महाराष्ट्राचे नामदार गोखले यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा मजहरुल हक यांनी त्याला पाठिंबा दिला. 1912 मध्ये ते विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. गरिबांच्या मुलांना शाळेत जाता यावे म्हणून हरणाऱ्या बाजूला उभे राहिलेल्यांत हा एक मुसलमान बॅरिस्टर होता, हे आपल्या मुलांना अवश्य सांगा.

त्यांच्या ईमानाची कसोटी 1913 साली लागली. कानपूरमध्ये रस्तारुंदीसाठी एका मशिदीची वुजूची जागा पाडण्यात आली. 3 ऑगस्टला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. माणसे दगावली आणि शंभराहून अधिक लोकांना अटक झाली. मजहरुल हक आपला धंदा बाजूला ठेवून आरोपींच्या बचावासाठी कानपूरला धावून गेले. ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय हार्डिंग यांनी स्वतः येऊन तडजोड केली. आरोपी सुटले, वुजूची जागा पुन्हा बांधण्याचे ठरले आणि तिच्या खालून रस्ता गेला. दीनाची बाजू मांडण्यास कायद्याचे ज्ञान कसे उपयोगी पडते, याचा हा धडा आहे.

डिसेंबर 1915 मध्ये मुंबईत काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांची अधिवेशने एकाच वेळी भरली. लीगचे अध्यक्ष होते मजहरुल हक. हिंदू-मुसलमानांनी मिळून सुधारणांची मागणी करावी, असा त्यांचा आग्रह होता. विरोधकांनी गोंधळ घातला, सभा उधळली. उरलेले काम ताजमहाल हॉटेलात पार पाडावे लागले. तरीही ते डगमगले नाहीत. पुढच्याच वर्षी लखनौचा करार झाला.

आता घराविषयी. एप्रिल 1917 मध्ये चंपारणला निघालेले गांधीजी पाटण्यास पोहोचले. ज्या घरी उतरले तेथील नोकर त्यांच्यापासून शिवाशीव पाळत होते. गांधीजींनी मजहरुल हक यांना चिठ्ठी पाठविली. ते तत्काळ मोटार घेऊन आले आणि आपल्या घरी चलण्याचा आग्रह करू लागले. पुढे चंपारणच्या कामासाठीही ते महिन्यातून एकदोनदा जात असत. त्या काळी त्यांचे राहणे थाटामाटाचे होते, असे गांधीजींनी लिहून ठेवले आहे.

तो थाट 1920 मध्ये संपला. असहकाराच्या चळवळीत अभियांत्रिकी शाळा सोडलेले विद्यार्थी त्यांच्याकडे आले. मुलांना परत पाठविणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी वकिली सोडली, आपला प्रशस्त बंगला सोडला आणि पाटणा-दानापूर रस्त्यावरील एका बागेत झोपड्या उभारून ते मुलांसह राहू लागले. मुले चरखे बनवीत. त्या जागेला त्यांनी नाव दिले ‘सदाकत आश्रम’; सदाकत म्हणजे सचोटी. 1921 मध्ये बिहार विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते कुलपती झाले. ‘मदरलँड’ या त्यांच्या पत्रातील लिखाणाबद्दल त्यांना तुरुंगवासही घडला. विलायती पोशाख गेला, दाढी आली आणि लोक त्यांना आदराने मौलाना म्हणू लागले.

अखेरच्या दिवसांत ते आजच्या सिवान जिल्ह्यातील फरीदपूरच्या ‘आशियाना’ या आपल्या घरी राहिले. तेथेच 2 जानेवारी 1930 रोजी ते अल्लाहला प्यारे झाले. पाटण्यात त्यांच्या नावाचे अरबी व फारसी विद्यापीठ आहे.

पालकहो, मुलांना वकील अवश्य करा, डॉक्टर करा, इंजिनिअर करा. पोटच्या मुलांसाठी सारेच झटतात. मजहरुल हक यांनी दाराशी आलेल्या परक्या मुलांनाही आपले मानले आणि त्यांच्यासाठी बंगला सोडून ते झोपडीत राहिले. विद्यार्थी मित्रांनो, तुमची फी भरण्यासाठी आज कोणाचे तरी आईवडील, कोणी शिक्षक, कोणी देणगीदार काटकसर करीत आहेत. उद्या पदवी हाती आली की तुमच्या दाराशीही कोणीतरी गरजू येईल. त्याला आत घ्या.