सर्व्हरनिर्मित चित्रांतील देवनागरी : यवतमाळ जिल्ह्यातील स्थलनामांच्या आधारे दोषशोधनाचा इतिहास

१

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. त्यांची नावे देवनागरीत लिहून पाहिली असता लेखनदृष्ट्या त्यांचे दोन वर्ग पडतात. यवतमाळ, कळंब, बाभुळगाव, राळेगाव, नेर, पुसद, उमरखेड, महागाव, घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी जामणी आणि वणी या तेरा नावांत जोडाक्षर नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. उरलेल्या तिहींपैकी दिग्रस या नावात ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षर अशी दोन्ही आहेत. दारव्हा या नावात जोडाक्षर आहे. आर्णी या नावात रफार आहे. व्याकरणाच्या वा स्थलनामशास्त्राच्या दृष्टीने या वर्गीकरणास फारसे महत्त्व नाही. परंतु दूरच्या सर्व्हरवर चालणारी आज्ञावली जेव्हा एखादे प्रमाणपत्र, आलेख किंवा नकाशा चित्ररूपाने तयार करते, तेव्हा हाच भेद निर्णायक ठरतो. पहिली तेरा नावे बहुधा बिनचूक उमटतात. शेवटची तीन मोडतात.

यातून एक विलक्षण परिस्थिती उत्पन्न होते. आज्ञावली लिहिणारा मनुष्य चाचणीसाठी साहजिकच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाचे नाव घेतो. ते नीट उमटते, आणि देवनागरीची व्यवस्था झाली असा त्याचा समज होतो. यवतमाळ हे नाव अशा चाचणीत खोटी साक्ष देते. खरी साक्ष दिग्रसची आहे. हा दोष कोठून आला, तो ओळखण्याची रीत कशी सिद्ध झाली आणि त्यावरील उपाय कोणत्या क्रमाने पुढे आले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

या प्रश्नाचे मूळ संगणकाहून जुने आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा अक्षरक्रमाचा प्रश्नच नव्हता. लेखकाच्या हाताने उतरलेले संपूर्ण पृष्ठ दगडावरून कागदावर येत असे. शिळाछाप म्हणजे मजकुराचे चित्र होते. खिळ्यांची छपाई रूढ झाल्यावर मात्र उच्चाराचा क्रम आणि जुळणीचा क्रम यांतील विरोध उघड झाला. ‘दि’ या अक्षरात उच्चार ‘द’ने सुरू होतो, पण वेलांटी कागदावर ‘द’च्या आधी येते. रफाराची स्थिती याच्या उलट असते. ‘आर्णी’त र् आधी उच्चारला जातो, पण त्याची खूण पुढील ‘णी’च्या डोक्यावर चढते.

हा विरोध यंत्राने सोडविला नव्हता. तो जुळाऱ्याने सोडविला होता. हस्तलिखितातील शब्द वाचून कोणता खिळा आधी घ्यावयाचा, कोणते जोडाक्षर अखंड आहे आणि कोणते अर्ध्या खिळ्यांनी साधावयाचे, हे तो आपल्या सरावाने ठरवीत असे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती सुबक खिळ्यांवर जशी उभी होती, तशीच ती या सरावावरही उभी होती. १९५३ च्या लखनौ येथील लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दांडीने लिहावी असे सुचविले. यंत्राच्या सोयीसाठी लिपीच बदलण्याचा तो प्रयत्न होता. लोकांस तो मानवला नाही आणि १९५७ मध्ये तो मागे घेण्यात आला. लिपी बदलावयाची नसेल तर जुळाऱ्याचे ज्ञान यंत्रात कोठेतरी घालावे लागणार, हे तेव्हाच निश्चित झाले. पुढील सर्व इतिहास हे ज्ञान कोठे घालावे, याचाच आहे.

३

संगणकावर भारतीय लिप्या आणण्याच्या प्रयत्नांत कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ मधील संस्थेने प्रसृत केलेले जिस्ट तंत्र महत्त्वाचे होय. त्यात जुळाऱ्याचे काम संगणकात बसविलेल्या एका कार्डाकडे सोपविलेले होते. भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये मान्य झालेल्या इस्की संकेतपद्धतीने मजकूर उच्चारक्रमाने साठवावयाचा आणि दर्शनक्रम स्वतंत्रपणे सिद्ध करावयाचा, हे तत्त्व घालून दिले. त्याच वर्षी प्रकाशित झालेल्या युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवताना इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीचा आधार घेतला आणि तेच तत्त्व स्वीकारले.

याच काळात दुसरी एक पद्धत मुद्रणव्यवसायात फोफावली. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत आणि टंकलेखक वेलांटी आधी, व्यंजन मागाहून, अशा दर्शनक्रमानेच मजकूर लिही. येथे जुळाऱ्याचे ज्ञान पुन्हा माणसाच्या बोटांत राहिले. छपाई उत्तम होई. पण एका फॉन्टातील मजकूर दुसऱ्या फॉन्टात निरर्थक ठरे, आणि त्यात शोध घेणे वा अनुक्रम लावणे अशक्यप्राय होते. विंडोज २००० या प्रणालीत आणि तिच्याबरोबर आलेल्या, र. कृ. जोशी यांनी रेखिलेल्या मंगल या फॉन्टात ते ज्ञान प्रथमच सामान्य वापरकर्त्याच्या संगणकात, मूळ प्रणालीतच, येऊन बसले. वाचकाच्या पडद्यावर उच्चारक्रमाने साठविलेला मराठी मजकूर आपोआप नीट दिसू लागला.

४

सर्व्हरवर चित्रे तयार करण्याची परंपरा मात्र या साऱ्यापासून अलिप्त राहून वाढली. थॉमस बूटेल यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत जीडी हे ग्रंथालय लिहिले. मागणी येताच आलेख काढून पाठवावा, हा त्याचा हेतू होता. आरंभी ते जिफ चित्रे निर्माण करी. जिफच्या संकोचनपद्धतीवरील पेटंटच्या वादामुळे १९९९ मध्ये ती सोय काढून पीएनजीची सोय करण्यात आली. अमेरिकेतील पेटंटची मुदत २००३ मध्ये संपल्यावर २००४ मध्ये जिफ पुन्हा आले. मधल्या काळात जुन्या आज्ञावल्या नव्या सर्व्हरवर नेताच चित्रे अकस्मात नाहीशी होत, ती या कारणाने. पीएचपी भाषेच्या ४.३ या २००२ च्या आवृत्तीपासून जीडी त्या भाषेबरोबरच मिळू लागले आणि लहानमोठ्या संकेतस्थळांचे ते नित्याचे साधन बनले.

जीडी अक्षरे काढते ती फ्रीटाइप या ग्रंथालयाच्या साहाय्याने. फ्रीटाइपचे काम मर्यादित आहे : फॉन्टातील एका आकृतीची रेषाकृती घ्यावयाची आणि तिचे ठिपक्यांत रूपांतर करावयाचे. कोणती आकृती कोणत्या आकृतीनंतर यावी, दोन आकृतींची मिळून तिसरी केव्हा व्हावी, याचा विचार ते करीत नाही. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अक्षररचनेचा काही भाग होता. दुसरीत तो वगळण्यात आला आणि त्यातूनच पुढे हार्फबझ हे स्वतंत्र ग्रंथालय विकसित झाले. अर्थात जीडीस उच्चारक्रमाने साठविलेले ‘दिग्रस’ दिले, की ते द, वेलांटी, ग, पायमोड, र, स अशा सहा आकृती एकीपुढे एक मांडून मोकळे होते. रोमन लिपीत एक संकेत म्हणजे एक आकृती, त्यामुळे तेथे या उणिवेचा मागमूसही लागत नाही.

५

दोषशोधनाची जी रीत अनुभवाने रूढ झाली, तिचे सार एका नियमात सांगता येते : चित्रात काय दिसते यावरून कोणता थर चुकला हे ठरवावे, आणि थर वरून खाली क्रमाने तपासावेत.

चित्र मुळीच न दिसणे हा पहिला प्रकार. येथे लिपीचा संबंध नसतो. चित्राच्या बाइटांपूर्वी एखादी रिकामी ओळ, फाइलीच्या आरंभीची अदृश्य खूण किंवा आज्ञावलीचा त्रुटिसंदेश निघून गेला, की ब्राउझरला ते चित्र म्हणून वाचता येत नाही. चित्र असल्याची घोषणा तात्पुरती काढून तोच प्रतिसाद मजकूर म्हणून वाचल्यास लपलेला संदेश बहुधा समोर येतो. मोठ्या छायाचित्रावर नाव लिहिताना स्मरणमर्यादाही आड येते. ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचे चित्र, त्याची फाइल कितीही लहान असली तरी, जीडीमध्ये उघडताच प्रत्येक ठिपक्यास ४ बाइट या हिशेबाने ४ कोटी ८० लक्ष बाइट व्यापते.

दुसरा प्रकार अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी येण्याचा. फॉन्टात देवनागरीच्या आकृती नाहीत, असा त्याचा अर्थ. तिसरा प्रकार रोमन लिपीतील चिन्हांकित अक्षरांच्या गर्दीचा. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो. म्हणून ‘यवतमाळ’ या सहा संकेतांच्या शब्दाऐवजी सुमारे अठरा चिन्हे दिसली, तर बाइटांचे वाचन चुकीच्या संकेतपद्धतीने झाले असे समजावे. या तिन्ही प्रकारांत यवतमाळ हे नावही मोडते. म्हणून ते दोष लवकर सापडतात.

चौथा प्रकार खरा फसवा आहे. अक्षरे स्वच्छ उमटतात, परंतु त्यांची रचना होत नाही. ‘दिग्रस’मधील वेलांटी ‘द’नंतर आणि ‘ग’च्या आधी पडते, आणि वाचकास ती ‘ग’चीच वाटते, नाव ‘दगि’ असे सुरू झाल्याचा भास होतो. ‘दारव्हा’त व पायमोडका राहतो. ‘आर्णी’त रफार चढतच नाही. ‘जिल्हा’ या शब्दाची तर वेलांटी आणि जोडाक्षर या दोन्ही बाजूंनी मोडतोड होते. लखनौ परिषदेने १९५३ मध्ये वेलांटी जाणूनबुजून उजवीकडे नेली होती आणि तिची दांडी आखूड केल्यामुळे वाचनात संदेह राहत नव्हता. येथे तीच गोष्ट नकळत होते आणि संदेह तेवढा शिल्लक राहतो.

या जिल्ह्याचा प्रदेश ज्या नावाने ओळखला जातो, त्या ‘वऱ्हाड’ शब्दाची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. त्यातील अर्धा र मराठीचा विशेष असून युनिकोडमध्ये तो खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ या संकेतास पायमोड जोडून लिहितात. रचना न झाल्यास ते टिंब आणि पायमोड दोन्ही उघडी पडतात. लेखनिकाने साधा र वापरला असेल, तर रचना होऊनही अर्ध्या रऐवजी पुढील ‘हा’वर रफार चढतो. येथे चित्रकाराचा दोष नसून मूळ मजकुराचा असतो. म्हणून ‘दिग्रस’ आणि ‘वऱ्हाड’ हे दोन शब्द एकत्र तपासले असता दोष चित्रणात आहे की साठवणीत, याचा निवाडा होतो.

६

उपायांचा क्रमही उद्बोधक आहे. आरंभी पुष्कळांनी युनिकोड मजकूर चित्र काढण्याच्या क्षणी कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टाच्या संकेतांत बदलून घेतला. त्या फॉन्टात दर्शनक्रम आधीच असल्याने फ्रीटाइपचे अज्ञान झाकले जाई. उपाय चतुर होता. पण रूपांतराच्या कोष्टकात जे जोडाक्षर नाही ते मोडत असे, आणि ते बहुधा एखाद्या आडनावातच निघे. दुसरा मार्ग जीडी सोडून पँगोसारख्या रचनाक्षम साधनाकडे, किंवा सर्व्हरवरच चालविलेल्या ब्राउझरकडे काम सोपविण्याचा होता. तिसरा मार्ग हार्फबझला चित्रण-ग्रंथालयाशीच जोडण्याचा. अरबी लिपीच्या गरजेतून ओमानमधील विकसकांनी सिद्ध केलेले रॅक्म हे ग्रंथालय तेच करते. पायथन भाषेतील पिलोने २०१७ मध्ये त्याचा स्वीकार केला, आणि अरबीसाठी बांधलेला सेतू देवनागरीसही उपयोगी पडला. मात्र सर्व्हरवर ते ग्रंथालय उपलब्ध नसेल, तर पिलो जुन्या साध्या मांडणीवर परतते. एकच आज्ञावली एका यंत्रावर शुद्ध आणि दुसऱ्यावर अशुद्ध लिहिते, ती यामुळे.

रचना साधल्यावरही भाषेचा प्रश्न उरतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी ल आणि श यांची रूपे प्रमाणित केली. अनेक फॉन्टांत ही रूपे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ती निवडली जात नाहीत; न सांगितल्यास हिंदी वळणाची रूपे येतात.

७

सामान्य मजकुरात एखादी वेलांटी ढळली तर वाचक संदर्भाने सावरून घेतो. विशेषनामास असा संदर्भ नसतो. शिवाय मजकूर एकदा चित्र झाला, की त्यात शोध घेता येत नाही, तो निवडून दुरुस्त करता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र तो उच्चारू शकत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला आणि डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा आरंभ १ मे २०१८ रोजी झाला. संगणकाने उमटविलेले नाव हाच ज्या काळात नागरिकाच्या हाती येणारा पुरावा आहे, त्या काळात विठ्ठल नावाच्या शेतकऱ्याची वेलांटी ‘ठ्ठ’कडे सरकली, तर ते नाव आपलेच आहे हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर पडते.

शिळाछापापासून खिळ्याकडे, खिळ्यापासून संकेताकडे आणि संकेतापासून पुन्हा चित्राकडे, असा हा प्रवास आहे. प्रत्येक वळणावर जुळाऱ्याचे ज्ञान एका थरातून दुसऱ्या थरात गेले, आणि जेथे ते न्यावयाचे राहिले तेथे दोष उत्पन्न झाला. जीडीच्या कर्त्यांनी देवनागरीचा अव्हेर केला असे नव्हे. त्यांच्या लिपीस जुळाऱ्याच्या या ज्ञानाची गरज नव्हती, म्हणून त्याची उणीव त्यांस जाणवली नाही. ती जाणवून देण्याचे काम त्या लिपीच्या वाचकांचे आहे. त्यासाठी मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. सोळा तालुक्यांची नावे एका चित्रात काढून पाहावीत, आणि निर्णय देताना तेरांची साक्ष बाजूला ठेवून दिग्रस, दारव्हा व आर्णी यांचीच साक्ष ग्राह्य धरावी.